कुणाची गं तू?

फलटणात तोंड बांधून हिंडायला ऋतू लागत नाही. उन्हाळ्यात ऊन असतं, पावसाळ्यात (पडला तर) पाऊस असतो, हिवाळ्यात गारठा असतो, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून उठणारा धुरळा असतो. त्यामुळे पोरी स्कूटीवर बसण्याआधी स्कार्फ असा काही गुंडाळतात की रस्त्यानं दोन डोळे आणि एक पर्स एवढाच ऐवज चालला आहे असं वाटावं. बाप्ये उपरणं नाहीतर अंघोळीचा टॉवेल वापरतात. आमच्या वयाची मंडळी दिवाळीला माकडटोपीत शिरतात ती शिमग्याला बाहेर येतात. शेतावर जाणाऱ्या बायकांचा पदर तर असतोच. एखाद्या परक्या माणसानं ऐन हंगामात आमच्या बाजारात उभं राहून पाहिलं, तर हे गाव एकतर दरोडेखोरांचं असावं किंवा सगळ्यांच्या दाढा एकदम दुखत असाव्यात, असा त्याचा समज व्हायचा.

आणि तरीही ह्या गावात कुणाला अनोळखी राहता येत नाही. आमची आत्या आता पंच्याऐंशीची आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. ओट्यावर बसून ती लसूण सोलते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रहदारीची शिरगणती करते.

"ती बघ, मलठणातल्या थोरल्या घरची धाकटी नात चालली क्लासला."

मी पाहतो तर स्कार्फ, गॉगल आणि कोपरापर्यंत हातमोजे. मनुष्यप्राणी आहे, एवढंच मला खात्रीनं सांगता आलं असतं.

"तुला कसं कळलं गं?"

"मान बघ की! आजीवानी तिरकी धरती. आन् ब्रेक दाबायच्या आधी पाय टेकती. तिचा बाप बी असाच सायकलीवरनं पडायचा."

आत्या लसूण सोलता सोलता जे करते, त्याला विद्वानांच्या भाषेत 'अंशतः झाकलेल्या चेहऱ्याची संगणकाकरवी ओळख' असं भारदस्त नाव आहे. त्यातला 'संगणकाकरवी' एवढा शब्द सोडला तर विद्या तीच. ह्या विद्येपायी जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी गेली साठ वर्षं डोकं खाजवलं आहे. त्याचा इतिहास मी सवडीनं वाचला (निवृत्तांना सवड असते, फक्त पेन्शन नसते), आणि माझं असं मत झालं की हा इतिहास अमेरिकेत सुरू होतच नाही. तो आपल्याकडे सुरू होतो.

पहिलं प्रकरण पन्हाळ्याचं. सईबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक, म्हणजे शिवाजी महाराज आमच्या गावचे जावई. त्यामुळे महाराजांचा विषय निघाला की फलटणकर आपसूक सरसावून बसतो. 1660 सालच्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा दुसऱ्या एका पालखीत शिवा काशीद बसला होता. चेहऱ्यामोहऱ्यानं महाराजांसारखा दिसणारा. परंपरेनं चालत आलेली हकीकत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पालखी पकडली गेली, महाराज सापडले म्हणून छावणीत आनंद झाला, मग खरं उघडकीला आलं आणि शिवा काशीदानं त्याची किंमत प्राणांनी मोजली. तोवर महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले होते. पावसाची रात्र, पालखीचा आडोसा, पुसट उजेड. पकडणाऱ्यांना चेहरा कितीसा दिसला असेल? पण घाईत असलेल्या माणसाला थोडा चेहरा पुरतो. उरलेला तो आपल्या मनातून भरून काढतो. महाराज सापडायला हवे होते, म्हणून सापडले.

दुसरं प्रकरण पानिपताचं, आणि ते मला जास्त विलक्षण वाटतं. 1761च्या जानेवारीत लढाई संपल्यावर सदाशिवरावभाऊंचा शोध सुरू झाला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं ती हकीकत लिहून ठेवली आहे. एक धड सापडलं, त्याला शीर नव्हतं. म्हणजे चेहरा अंशतःसुद्धा नाही, पुराच नाही. तरीही जाणकारांनी ओळखलं, कारण पाठीवर जुन्या वाराची खूण होती. मुजफ्फरखान गारद्यानं पूर्वी भाऊंवर कट्यार चालवली होती, तिची. शीर नंतर मिळालं. चेहऱ्यावाचून ओळख पटली ती अशी.

आता गंमत पाहा. पुढं काही वर्षांनी 'मीच भाऊसाहेब' म्हणून एक गृहस्थ उगवले. मूळचा हा कनोज्या ब्राह्मण, सुखनिधान नावाचा. ह्याच्याकडे चेहरा होता. नाक, डोळे, कपाळ, सगळं जागच्या जागी, आणि भाऊंशी साम्यही होतं म्हणतात. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून चौकशी झाली, कैदेत ठेवलं. पण 1776 साली रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला, तोही राखणदारांच्याच मदतीनं, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाताखाली आले. हेच ते भाऊसाहेब, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं निघाली. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरून दिलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहांत शासन झालं.

म्हणजे चेहरा नव्हता तेव्हा माणसांनी बरोबर ओळखलं आणि अख्खा चेहरा समोर होता तेव्हा चुकीचं! पहिल्या वेळी ओळखणाऱ्यांना खरं काय ते हवं होतं, दुसऱ्या वेळी भाऊ हवे होते. ह्या सगळ्यात पार्वतीबाई होत्या, भाऊंच्या पत्नी. धड सापडलं, शीर सापडलं, तोतया आला, गेला. बाईंनी 1783 मध्ये डोळे मिटेपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्यांना काय वाटत होतं, ते विचारायची सोय त्या काळात कुणाला नव्हती, आणि आज आपल्याला तर नाहीच.

माणसं ही अशी. मनात येईल ते पाहणार. तेव्हा ह्यात माणूसच नको, यंत्राला राग-लोभ नसतात, असं वाटणं साहजिक होतं. 1964च्या सुमारास अमेरिकेत पालो आल्टो इथं वुडी ब्लेडसो नावाच्या गणितज्ञानं हे काम हाती घेतलं. पैसा एका गुप्तचर खात्याचा, म्हणून बोभाटा करायची सोय नव्हती. पद्धत अशी, की फोटोवर बाहुल्यांचे मध्य, डोळ्यांचे आतले-बाहेरचे कोपरे, कपाळावर केस सुरू होतात तो बिंदू, अशा खुणा करायच्या. मग यंत्र त्यांच्यावरून वीसेक अंतरं काढणार. तोंडाची रुंदी, दोन बाहुल्यांमधलं अंतर वगैरे. आणि ती अंतरं ताडून सांगणार, हा अमुक. कल्पना नामी. फक्त त्या खुणा करायला माणूसच बसवावा लागत होता. सरावलेला माणूस तासाला चाळीसेक फोटो उरकायचा. आमच्या आत्याचा वेग ह्याच्या बराच वर आहे, आणि शिवाय लसूण सोलून होतो.

पुढं जपानात ताकेओ कानादे ह्यांनी खुणा करणारा माणूसही उठवला. 1970च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात आलेल्या पाहुण्यांचे काढलेले शेकडो फोटो त्यांना मिळाले, आणि 1973 साली क्योटो विद्यापीठातल्या त्यांच्या प्रबंधात यंत्र स्वतःच नाक-डोळे शोधू लागलं. मग 1991 साली एमआयटीतल्या टर्क आणि पेंटलंड ह्या जोडीनं वेगळीच शक्कल काढली. नाक-डोळे मोजत बसायचंच नाही. पुष्कळ चेहरे घोटून त्यातून थोडे मूळ नमुने काढायचे. हे नमुने पाहिलेत तर रात्री झोप यायची नाही, इतके ते भुतासारखे दिसतात. मग प्रत्येक माणसाचा चेहरा म्हणजे ह्या भुतांची मिसळ. पावशेर हे भूत, छटाकभर ते, वरून चिमूटभर तिसरं. ज्याचं त्याचं प्रमाण ठरलेलं. प्रमाण जुळलं की माणूस ओळखला.

ह्या मिसळीत एक खोट होती. चेहऱ्यावर मफलर आला की यंत्र त्याला मफलर म्हणत नसे. ते त्याला हनुवटी समजे. विणलेली, चौकड्यांची हनुवटी! आणि ती जुळवायच्या नादात कपाळापासूनचं सगळं प्रमाण बिघडून जाई. मुंबईचा माणूस नागपूरचा ठरे. झाकलेला भाग 'झाकलेला आहे' हे कळणं, हेच यंत्राला सगळ्यात अवघड गेलं. मला ह्याचं नवल वाटलं नाही. आपल्याला न दिसणारी गोष्ट आपल्याला दिसत नाही एवढंच, ती तशी नसते असं नव्हे, हे भल्याभल्यांना उमगत नाही.

मग 1998 साली बार्सिलोनाच्या मार्टिनेझ आणि बेनावेंते ह्या संशोधकांनी मुद्दाम झाकलेल्या चेहऱ्यांचा संग्रह केला. 126 माणसं जमवली, त्यांना काळे चष्मे घालायला लावले, गळपट्टे बांधायला लावले, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, आणि चार हजारांवर फोटो काढले. केवढे हे कष्ट! पुण्याच्या एखाद्या सिग्नलवर अर्धा तास कॅमेरा धरला असता तर काम फुकटात झालं असतं. असो. त्या फोटोंवर पुढं जगभरच्या लोकांनी हात साफ केले. मार्टिनेझनी स्वतः सुचवलं, की अख्खा चेहरा एकदम ताडण्यापेक्षा त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला वेगळं विचारा, आणि मग मतं मोजा. म्हणजे ग्रामपंचायतच. एक सदस्य गॉगल घालून झोपला असला तरी बाकीच्यांच्या मतावर ठराव पास होतो.

2009 साली जॉन राइट आणि मंडळींनी आणखी पुढची पायरी गाठली. त्यांचं म्हणणं, झाकलेला भाग म्हणजे हिशेबातली चूक समजा. चूक मोठी असेल, पण ती थोड्याच जागेत असते. ती बाजूला काढा आणि उरलेल्यावर निकाल द्या. त्याच संग्रहातल्या गळपट्टेवाल्यांवर त्यांनी हे करून पाहिलं, तेव्हा शंभरातले जेमतेम साठ ओळखू आले. तेच तुकडे पाडून केलं तर त्र्याण्णवाच्या वर! म्हणजे काय पाहायचं हे शिकवून भागलं नाही, काय सोडून द्यायचं ते शिकवल्यावर यंत्र शहाणं झालं. सासरी नांदणाऱ्या कुठल्याही सुनेला हे पहिल्या महिन्यात कळतं.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. 2003 साली पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतले कुठं डोळे पुसले, कुठं भुवया पुसल्या, आणि लोकांना ओळखायला सांगितलं. डोळ्यांवाचून माणसं बऱ्यापैकी ओळखू आली, भुवयांवाचून जास्त अडली. डोळ्यांवर इतकी काव्यं झाली, भुवईच्या वाट्याला काय आलं? मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग! स्कार्फातनं ऱ्हातंय काय दुसरं?"

आणि मग 2020 आलं. सगळ्या जगानं एकदम फलटणसारखं तोंड बांधलं. त्या वर्षी माउलींची पालखी आमच्या गावातून चालत गेलीच नाही, पादुका एसटीच्या गाडीनं थेट पंढरीला गेल्या. एरवी ज्या दिवशी फलटणात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी रस्त्यावर कुत्री आडवी पसरली होती. तिकडे अमेरिकेत, मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं जुलैमध्ये 89 संगणकीय पद्धतींची परीक्षा घेतली. लाखो फोटोंवर संगणकानंच मास्क रंगवले आणि म्हणाले, ओळखा आता. उघड्या चेहऱ्याला हजारात तीनेक वेळा अडणाऱ्या पहिल्या नंबरच्या पद्धती शंभरात पाच वेळा अडू लागल्या. एरवी हुशार म्हणवणाऱ्या काही तर वीस ते पन्नास वेळा. नाक जितकं जास्त झाकलेलं, तितका निकाल खालावला. आमच्याकडे बरेच लोक मास्क हनुवटीवर लावत, ते विज्ञानाच्या सेवेसाठीच असावं. पुढं त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत नव्या पद्धती आल्या आणि पुष्कळ सुधारल्या, हेही सांगायला हवं. यंत्र मठ्ठ असतं, पण अभ्यासाला कंटाळत नाही.

पण त्या निकालातली एक ओळ मी दोनदा वाचली. यंत्राच्या चुका दोन जातीच्या. एक म्हणजे भलत्याला आपला म्हणणं, दुसरी म्हणजे आपल्याला भलता म्हणणं. पहिली तोतयाची, दुसरी... तिला काय नाव द्यावं? दोन्ही एका चाळणीवर अवलंबून. चाळणी सैल केली तर खडे खाली येतात, घट्ट केली तर दाणे वर अडकतात. मास्क आल्यावर भलत्याला आत घेण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट किंचित कमीच झालं. वाढलं ते खऱ्याला दारातून परत पाठवणं. तोंड झाकलं की चोर साधतो, असं आपण समजतो. यंत्रापुढं उलट. झाकलेला साव अडकतो.

हा साव कोण, ते मी शेजारीच पाहिलं. आमचे शेजारी अण्णा एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पेन्शन हजाराच्या घरातली, म्हणजे औषधं येतात आणि सुपारी उधार राहते. दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो संगणकावरून देता येतो. आधी बोटांचे ठसे लागायचे, पण अण्णांनी उमेदीत लोखंड हाताळलेलं, बोटांवर रेघ शिल्लक नाही. 2021 पासून चेहरा दाखवूनही भागतं, म्हणून अण्णा खुशीत होते. नेमकं त्या नोव्हेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, तिच्यावर काळा चष्मा, त्यावर माकडटोपी. चेहरा म्हणून जो काही बाहेर होता, त्यात प्रामुख्यानं मिशी होती.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरानं मोबाईल समोर धरला. "काका, टोपी काढा." टोपी निघाली. "चष्मा." तोही निघाला. "आता डोळे मिचकवा."

"एकच हाय," अण्णा म्हणाले.

मोबाईलला एकावर भागेना. माणूस जिवंत आहे का कुणाचा फोटो धरलाय, हे ओळखायला ते मिचकावणं लागतं, आणि ती दक्षता रास्त आहे, तोतयांचा इतिहास मी वर दिलाच आहे. पण अण्णा काही फोटो नव्हते. फोटो इतक्या शिव्या देत नाही.

मग कचेरीत गेलो. तिथला कारकून आमच्याच तालुक्यातला, अण्णांना पाहून उठून उभा राहिला. "या काका! डोळ्याचं झालं का?" त्याला टोपीतून, चष्म्यातून, पट्टीतून आरपार ओळख पटली होती. पण म्हणाला, "मी ओळखून काय उपयोग? कागदाचा रस्ता आहे अजून, पण सही करणारे साहेब रजेवर."

अण्णा बाकावर बसले. म्हणाले, "ह्यो मला काका म्हन्तोय. मग म्या मेलोय का न्हाई?"

तीन आठवड्यांनी पट्टी निघाली आणि अण्णांनी थंडीत उघड्या डोक्यानं, दोन्ही डोळ्यांनी मिचकावून स्वतःला जिवंत करून घेतलं. दरम्यान औषधवाल्यानं उधारी चालवली. त्यानं काही मिचकावायला सांगितलं नाही.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पालखीच्या गर्दीत हरवलेलं पोर यंत्रानं शोधून दिलं तर मी त्याला पेढे भरवीन. माझी तक्रार एवढीच, की आत्याला शंका आली तर ती हाक मारते, "कुणाची गं तू?" आणि समोरची स्कार्फ खाली ओढून उत्तर देते. आत्याची चूक जागच्या जागी दुरुस्त होते, वर चहा होतो. यंत्राला शंका आली तर ते फक्त 'नाही' म्हणतं. त्याला उलट सांगायचं कुणाजवळ?

1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारालाही चेहरा दाखवणं आलं आहे. पाकीट खऱ्या लाभार्थ्याच्याच हाती पडावं, हा हेतू. तान्ह्या पोराच्या वाट्याचं असेल तर आईनं चेहरा दाखवायचा. परवा आमच्या गल्लीतल्या सुनेबरोबर आत्या काठी टेकत तिथं गेली, आणि आत्याला सोडायला मी. सेविकाबाईंना त्या सुनेची सासूसुद्धा लहानपणापासून माहीत. तरी नियम तो नियम. त्यांनी मोबाईल वर धरला आणि म्हणाल्या, "ताई, पदर जरा मागं घ्या. हां, आता डोळं मिचकवा." ती मिचकावणार, एवढ्यात काखेतल्या पोरानं पदर धरून तिच्या तोंडावर ओढला. मोबाईल थांबला. पोरानं पदर खाली ओढला, आई दिसल्यावर खदखदून हसलं, आणि पुन्हा वर ओढला. जेमतेम दहा महिन्यांचं असेल.

"बुवाऽऽ..." आत्या म्हणाली.

सेविकाबाई मोबाईल तसाच धरून उभ्या होत्या. मागं आणखी अकराजणी होत्या, बहुतेकींचे पदर डोक्यावर. पोराचं काही आटपेना.